मार्थाबाईंची कोंबडी

दादा, तुझा कोट मी पाठीवर उभा कापला.

गेलेल्या माणसाचे हात मागे वळत नाहीत. म्हणून कोट घालायचा असेल तर पाठीची शिवण उसवायची, एकेक बाही वेगळी चढवायची आणि कडा पाठीखाली दाबून टाकायच्या. समोरून बघणाऱ्याला काही कळत नाही. चर्चच्या मंडळीतल्या कितीतरी जणांचे कोट मी असे उसवून दिलेत, शिवणारी बाई म्हणून हे काम माझ्याकडेच येतं. तुझा मात्र उसवेना. त्या मोठ्या दुकानाची शिवण फारच पक्की. शेवटी मी सरळ कात्री घातली आणि कॉलरपासून खालपर्यंत कापत नेला. वहिनी दारात उभी होती. "अगं एस्तेर, तो त्यांचा सगळ्यात भारी कोट आहे," ती म्हणाली, आणि मग आपण काय बोललो ते कळून तिथेच खाली बसली.

हे सगळं झालं आईच्या खोलीत. एकोणिसाव्या मजल्यावरच्या तुझ्या फ्लॅटमध्ये तुझी बर्फाची पेटी ठेवायला तेवढी एकच रिकामी खोली होती. पलंगावरच्या गादीचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. आई ते बाजूला सारून गादीच्या कडेवर बसली आणि तुझ्याकडे बघत राहिली. तिच्यासाठी तू बांधलेल्या खोलीत ती पहिल्यांदा आली ती अशी.

पाळकसाहेबांनी मला मंडळीच्या मासिकासाठी तुझ्याबद्दल चार ओळी लिहून मागितल्यात. कुठे जन्मला, काय शिकला, मंडळीला छप्पर कसं घालून दिलं, पंखे कसे आणले. ते सगळं खरं आहे, आणि तुला ते तोंडपाठ आहे. मला तुझ्याशी बोलायचंय. जिवंतपणी तू गाडीत बसल्या बसल्या "नंतर बोलू" म्हणायचास, ते नंतर आता आलं.

दिघ्याची खोली आठवते? तू ती विसरलास असं मी म्हणणार नाही. तू ती लपवलीस. टॉवरमधल्या लोकांना तू सांगायचास की आम्ही मूळचे नगरचे, तिकडे शेतीवाडी आहे. नगरचे आपण आहोतच, पण शेतीवाडी कुठली रे? बाबा तुर्भ्याच्या कारखान्यात हेल्पर, आई टाकीवर पाण्याच्या रांगेत, आणि आपण दोघं पोटमाळ्यावर. रविवारी शाळेच्या हॉलमध्ये उपासना. आणि वर्षातून एकदा हंगामाचा सण.

शहरात हंगाम कसला, असं तुझे नंतरचे मित्र हसून विचारायचे. पण तो सण आपल्या लोकांनी गावाहून येताना बरोबर आणला होता. ज्याच्याकडे जे असेल ते त्याने आणायचं. कोणी भोपळा, कोणी पायलीभर तांदूळ, कोणी घरचं लोणचं. उपासना झाली की त्याचा लिलाव व्हायचा आणि येईल ते मंडळीच्या कामाला. लिलाव बाबा पुकारायचे. कारखान्यात ज्यांना कोणी नावाने हाक मारत नव्हतं, ते बाबा त्या दिवशी टेबलावर उभे असायचे आणि सगळा हॉल त्यांच्याकडे बघायचा. त्यांचा आवाज मला अजून आठवतो.

त्या लिलावात एक रीत होती, कुठेही न लिहिलेली. कोणी नवस फेडायला जिवंत जनावर आणलं, कोंबडी असेल, करडू असेल, तर पहिली बोली त्याच माणसाची आणि त्यावर दुसऱ्या कोणी बोलायचं नाही. बाबा भरभर एक-दोन-तीन म्हणायचे आणि जनावर आपल्या घरी परत जायचं. दिलेलं देवाला पोचलं आणि पोराबाळांच्या तोंडचं दूध-अंडंही गेलं नाही. तू दहा-अकरा वर्षांचा असताना चेष्टेने एका म्हाताऱ्याच्या करडावर बोली लावली होतीस. सगळे हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी टेबलावरून उतरून तुझा कान धरला आणि म्हणाले, "जा, आजोबांना सांग, चुकलं." तू गेलास. सगळ्यांसमोर म्हणालास. म्हाताऱ्याने तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि खिशातून तुला गोळी दिली.

म्हणजे तुला रीत ठाऊक होती. आणि चुकलं म्हणायलाही यायचं. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढे तू मला म्हणालास की माझ्या लक्षात नव्हतं.

तुझं चांगलंही सांगते, नाहीतर म्हणशील मी मेल्यावरही बहीण टोमणे मारते. माझं पिको-फॉलचं मशीन तुझ्या पहिल्या कमिशनचं. घणसोली गावात खोल्या भाड्याने लावून देत तू सायकलवर फिरायचास तेव्हाचं. मशीन तू टेम्पोत माझ्या शेजारी बसून आणलंस आणि सगळ्या रस्त्याने त्याला हात लावून धरलास. बाबांच्या शेवटच्या आजारात तू रात्रंदिवस हॉस्पिटलच्या बाकावर होतास. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पट्टी सुटेपर्यंत तूच तिला भरवलंस. तू वाईट माणूस नव्हतास रे. वाईट असतास तर आम्हाला इतका त्रास झाला नसता.

पुढे सायकल गेली, बाईक आली, मग गाड्या. आपण दिघ्यातून कोपरखैरण्याच्या बैठ्या घरात आलो तेव्हा आईने देवाचे आभार मानले आणि तिला तेवढं पुरलं. तुला नाही पुरलं. तू बिल्डरचा माणूस झालास, मग भागीदार झालास. मंडळीत तुझी जागा मागच्या बाकावरून पुढच्या बाकावर आली. आधी तू दारात उभा राहून सगळ्यांना सलाम करायचास. मग लोक तुला सलाम करायला पुढे यायला लागले आणि तू बसूनच मान हलवायला लागलास. मी चिडवलं, "दादा, मान आखडली का?" तर वहिनीसमोर तुला राग आला.

मी म्हणतेय तो सण बाबा गेल्यानंतरचा. तू तुझ्या बिल्डर शेठला प्रमुख पाहुणा म्हणून आणलं होतंस. पुढच्या रांगेत सोफा टाकला होता. उपासनेला सोफा मी पहिल्यांदाच पाहिला. तांदूळ झाले, भोपळे झाले, तू प्रत्येक वेळी हात वर केलास आणि प्रत्येक वेळी शेठकडे बघितलंस. मग मार्थाबाई उठल्या. दिघ्याच्या, आपल्या जुन्या खोलीच्या मागच्या गल्लीतल्या. नवरा गेलेला, ऐरोलीच्या एका कंपनीत साफसफाईला जायच्या. त्यांची मुलगी काविळीतून उठली होती, म्हणून त्यांनी घरची कोंबडी आणली होती. तांबडी होती, पाय सुतळीने बांधलेले, टोपलीत निमूट बसलेली.

मार्थाबाईंनी हळूच आकडा सांगितला. पुकारणाऱ्याने "एक" म्हटलं. आणि तू हात वर केलास.

मार्थाबाईंना वाटलं, काहीतरी चुकलं असेल. त्यांनी थोडं वाढवलं. तू दुपटीवर नेलंस. त्यांनी पदर मुठीत धरला आणि पुन्हा वाढवलं. मी मागून "दादा" म्हणून हाक मारली. तू असा काही आकडा बोललास की मागची पोरं टाळ्या वाजवायला लागली, आणि मग बाकीच्यांनीही वाजवल्या. मार्थाबाई खाली बसल्या. तू टोपली उचलून शेठच्या हातात द्यायला गेलास. शेठ शाकाहारी! तो हसत हसत दोन्ही हात मागे घेऊन सोफ्यावरच सरकला. तूही हसलास. शेवटी कोंबडी ड्रायव्हरने डिकीत टाकली. तिचं पुढे काय झालं कोणी विचारलं नाही, मार्थाबाईंच्या मुलीशिवाय.

आई तशीच उठली. जेवणाच्या पंगतीला न बसता बाहेर गाडीपाशी जाऊन उभी राहिली. तू आलास तेव्हा तिने आवाजसुद्धा चढवला नाही.

"शमू, मार्थाच्या घरी जा. माफी माग."

"आई, पैसा गेला कुठं? देवाच्याच घरात ना? त्यातून छप्पर होईल."

"छपराचं देव बघंल. तू त्या बाईचं बघ. ती कोंबडी तिनं देवाला दिलती, तुझ्या शेठला नाय."

"बरं, पाठवतो काहीतरी."

"पाठवायचं नाय. जायचं. तू जाऊन येत नाहीस तवर तुझ्या घरी मी घास खायची नाय, लेकरा."

तुला वाटलं, आठ दिवसांत उतरेल राग. तो राग नव्हताच, दादा. राग उतरतो. आईला तुझी भीती वाटत होती, म्हणजे तुझ्या जिवाची. घरी आल्यावर ती प्रार्थनेत तुझं नाव घ्यायची आणि पुढे तिला शब्द सुचायचे नाहीत.

तू काय काय पाठवलंस! पाकीट पाठवलंस, मार्थाबाईंनी ड्रायव्हरच्या हाती परत दिलं. मग जाळीच्या पिंजऱ्यात सहा कोंबड्या पाठवल्यास. त्यांनी त्या गल्लीत वाटून टाकल्या. मुलीच्या शाळेची फी भरतो असा निरोप धाडलास, तर उत्तर आलं, "साहेबांना सांगा, एकदा चहाला या." एवढंच मागत होती ती बाई. दिघा तुझ्या ऑफिसपासून किती लांब? पण तुला देणं जमायचं, जाणं जमत नव्हतं. श्रीमंतीने तुझं काय नेलं असं कोणी विचारलं तर मी एवढंच सांगेन.

इकडे तू आईसाठी खोली सजवत होतास. खाडीकडे उघडणारी मोठी खिडकी, बाथरूममध्ये धरायला दांडा, पलंगाच्या उशाशी बेल. फोटो माझ्या फोनवर यायचे. "आईला दाखव." मी दाखवायचे. ती चष्मा लावून नीट बघायची, म्हणायची, "चांगली केलीय," आणि कामाला लागायची. तू एकदा चिडून मला म्हणालास की लोक विचारतात, तुमच्या आई कुठे असतात? म्हणजे तीसुद्धा तुला सोफ्यासारखी पुढच्या रांगेत हवी होती का? की खरंच जवळ हवी होती? मला वाटतं, दोन्ही. तुझं तुलाही वेगळं करता येत नव्हतं.

या पावसाळ्याआधी तू न सांगता घरी आलास. गल्लीत तुझी गाडी मावत नाही, कोपऱ्यावर लावून चालत आलास. शर्टाचं बटण लोंबत होतं. आई बाजारात गेली होती. "एस्तू, एवढं लावून दे, मीटिंग आहे." शर्ट काढायला तयार नव्हतास. अंगावर कपडा शिवू नये, शिवायचाच तर तोंडात दोरा धरावा, हे आईचं ऐकून आपण वाढलो, म्हणून तू शहाण्या पोरासारखा दोरा दातात धरून स्टुलावर बसलास. मला बरंच झालं, तुला बोलता येत नव्हतं. मी सगळं बोलून घेतलं. आई म्हातारी झालीय, तुझं तोंड सुकलंय, जिने चढताना तुला धाप लागते, आणि एका बाईच्या दारात जाऊन दोन शब्द बोलायला तुझं काय जातं?

बटण लागलं. तू दोरा काढलास आणि बोटाला गुंडाळत बसलास.

"तिथं गेलो तर ओळखतील गं मला."

"कोण?"

"सगळेच. शमू आला म्हणतील. हा बघा, टाकीपाशी राहायचा तो शमू."

"मग काय होईल?"

मी मशीनवर कापड टाकून उठले. म्हटलं, चल, आत्ता जाऊ, मी येते बरोबर, रिक्षाने जाऊ म्हणजे गाडीही कोणी बघणार नाही. तू खरोखर उठलास, दादा. चपला शोधायला लागलास, बूट घालून आलायस हे विसरून. आणि तुझा फोन वाजला. शेठ साइटवर येत होता. "पुढच्या आठवड्यात नक्की," म्हणालास. तो दोरा मला संध्याकाळी स्टुलाखाली सापडला.

नंतर आपण भेटलो ते आईच्या खोलीत, कोटासह.

तुला गाडी पुसणाऱ्या माणसाने पाहिलं. बेसमेंटमध्ये, सकाळी, इंजिन चालू, एसी चालू, हृदय तेवढं बंद. त्याला वाटलं साहेब फोनवर आहेत, म्हणून त्याने आधी शेजारच्या गाड्या पुसून घेतल्या. तो रडत होता सांगताना. तुला त्याचं नाव माहीत होतं का?

सामानाच्या लिफ्टची नोटीस तूच लावली होतीस ना, सोसायटीचा चेअरमन असताना? कामवाल्या बाया, डिलिव्हरीवाले आणि मोठं सामान यांनी मागच्या लिफ्टने जावं. खाली तुझी सही. त्या सकाळी वॉचमनने आईला आदराने पुढच्या लिफ्टकडे नेलं. तिने विचारलं, "त्याला कुठून खाली नेनार?" तो चाचरला. "मावशी, पेटी या लिफ्टमध्ये बसत नाही, ती मागच्यातून." "मग मलाबी मागूनच ने," आई म्हणाली. अशी ती तुझ्या घरी आली, पत्र्याच्या त्या लिफ्टमधून, पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यांशेजारी उभी राहून. तुलाही दुपारी तिथूनच नेलं. शवपेटी आडवी मावली नाही, तिरकी उभी करावी लागली. मी आत तुझ्याबरोबर होते. मला सारखं वाटत होतं की कोटाच्या कडा सुटतील.

पाळकसाहेबांनी पुनरुत्थानाच्या आशेवर उपदेश केला. चांगला केला. पण मोठी कोठारं बांधायला निघून त्याच रात्री मेलेल्या त्या श्रीमंत माणसाची गोष्ट त्यांनी टाळली, जी तू रविवारी मुलांच्या शब्बाथशाळेत हातवारे करून सांगायचास आणि आम्ही हसायचो. त्यांनी टाळली तरी ती तिथे प्रत्येकाच्या मनात होती. शेठ आला नाही, त्याने मोठं फुलांचं चक्र पाठवलं. मी मूठभर माती टाकली आणि मला तुझा राग आला, इतका की हात झटकायचंही सुचलं नाही.

आम्ही फ्लॅटवर परत आलो. वहिनी आत जाऊन पडली. घरात चूल पेटवायची नाही म्हणून जेवण कोणीतरी आणायचं असतं, पण त्या मजल्यावर ते कोणाला ठाऊक? सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं येत होती, एकामागून एक. आई खोलीत गादीच्या त्याच कडेवर बसून होती. बर्फाची पेटी उचलून नेली होती, फरशीवर ओल होती.

तेवढ्यात तुझा फोन वाजला. गेटवर कोणी आलं की मालकाच्या फोनवर विचारणा येते ना, ती. स्क्रीनवर नाव होतं: मार्था, दिघा. खाली दोन बटणं. आत सोडायचं की नाही?

दादा, ती तुझ्या दाराशी आली होती आणि तुलाच विचारत होती. मी बटण दाबलं.

त्या मागच्या लिफ्टने वर आल्या, हातात दोन डबे. भाकरी आणि अंड्यांचा रस्सा. केस पार पांढरे झालेत. मला सलाम केला, चपला बाहेर काढल्या आणि सरळ आईपाशी आल्या. आई उठली. तिने मार्थाबाईंचे दोन्ही हात धरले.

"मार्था, माझा लेक यायचा ऱ्हायला. त्याच्या वतीनं मी मागते. माफ कर त्याला."

मार्थाबाईंनी हात सोडवून घेतले नाहीत. पण मान हलवली.

"नका, आजी. तुमी नका मागू. ती त्यांनी मागायची व्हती. मी रोज वाट बघितली, खोटं नाय सांगत. आले असते तर उंबऱ्यातच दिली असती. आता मी कुनाला देऊ? आता ते जिथं हायेत तिथंच त्यांना मागावी लागंल."

आईचा चेहरा मला बघवेना. ती लढाई ती हरली होती, तुझ्यासाठी.

मार्थाबाईंनी गादीवरचं प्लास्टिक ओढून काढलं, घडी घातली, कोपऱ्यात ठेवली. डबा उघडला. भाकरी मोडून रश्श्यात कालवली आणि ताटली आईच्या हातात दिली. "खा आजी. दिवसभराच्या उपाशी असाल."

मी आईकडे बघत होते. तुझं घर होतं ते. तू जाऊन आला नव्हतास.

आईने खिडकीकडे पाहिलं, बराच वेळ, जिथून खाडी दिसते. मग तिने घास उचलला आणि खाल्ला. रडत रडत सगळी ताटली संपवली. तिच्यासाठी बांधलेल्या खोलीत ती जेवली, दादा. इतकी वर्षं तू तेवढंच मागत होतास. तुझी माफी मात्र तशीच राहिलीय, आणि ती आता आमच्यापैकी कोणालाच मागता येत नाही.